रिमोटच्या पोटातली चकती

घरात रिमोट किती, असे विचारले तर बहुतेक जण दोन किंवा तीन असे उत्तर देतात. प्रत्यक्ष मोजायला बसले की आकडा वाढत जातो. टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, एसीचा तिसरा. मग नव्या पंख्याचा, गाडीतल्या स्टिरिओचा, स्पीकरचा आणि गणपतीच्या मखराला लावलेल्या रंगीत एलईडी पट्टीचा. यांतले काही रिमोट पत्त्याच्या पानासारखे चपटे असतात. त्यांत नेहमीचा पेन्सिल सेल मावत नाही. त्यांच्या पोटात असते एक चकचकीत गोल चकती. कडेला नख लावून छोटा खण ओढला की ती अलगद बाहेर येते.

ही चकती म्हणजे लिथियमचा बटण सेल. रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा हा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत तिथे गंभीर जखम होऊ शकते. जगभरातील बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ गेली अनेक वर्षे याबद्दल सांगत आहेत. विशेष म्हणजे या कहाणीत खेळण्यांपेक्षाही रिमोटचे नाव पुढे येते.

अमेरिकेतील नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरच्या डॉ. टोबी लिटोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात सेल गिळण्याच्या ८,६४८ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा वर्षांखालील मुलांनी गिळलेल्या सेलपैकी ६१.८ टक्के सेल मुलांना थेट एखाद्या वस्तूतून मिळाले होते. त्यातही सर्वांत धोकादायक, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचे लिथियम सेल ज्या लहान मुलांनी गिळले होते, त्यांतले ३७.३ टक्के सेल रिमोटसाठीचे होते. मुलांच्या हाती सहज पडणारी, पण खेळणे म्हणून कोणी न तपासलेली ही वस्तू. ती अशी कशी झाली, हे समजण्यासाठी ती कुठे आणि कशी बनते हे पाहावे लागते.

सेल नसलेला रिमोट

रिमोटला सेल लागतोच असे नाही. १९५५ साली अमेरिकेच्या झेनिथ कंपनीत यूजीन पॉली यांनी 'फ्लॅशमॅटिक' हा पहिला बिनतारी टीव्ही रिमोट तयार केला. तो एक प्रकारचा टॉर्च होता. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे बसवलेले होते. ज्या कोपऱ्यावर झोत पडेल, त्याप्रमाणे वाहिनी बदले किंवा आवाज बंद होई. अडचण एवढीच होती, की खिडकीतून ऊन आले तरी टीव्ही तो हुकूम समजत असे.

पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतील रॉबर्ट अॅडलर यांनी 'स्पेस कमांड' आणला. त्यात सेलच नव्हता. आत अॅल्युमिनियमच्या चार छोट्या कांड्या होत्या. बटण दाबले की एक हातोडी कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा उच्च कंपनांचा ध्वनी निघे. टीव्ही तो ऐकून काम करी. बटण दाबताना 'टक' असा आवाज येई, म्हणून अमेरिकेत रिमोटला 'क्लिकर' हे नाव पडले. ही ध्वनीवर चालणारी पद्धत पुढे जवळपास पंचवीस वर्षे टिकली.

१९८०च्या दशकात तिची जागा अवरक्त किरणांनी घेतली. आजचा साधा रिमोट याच तत्त्वावर चालतो. त्याच्या टोकाला असलेला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो. हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. त्या लुकलुकण्याच्या लहान-मोठ्या गटांतून आणि मधल्या थांब्यांतून आकड्यांची भाषा तयार होते. खोलीतला दिवा किंवा ऊन अशा ठरावीक वेगाने लुकलुकत नाही, म्हणून टीव्हीला खरा हुकूम ओळखता येतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोटचे टोक धरून बटण दाबले, तर अनेकदा पडद्यावर जांभळट ठिपका चमकताना दिसतो. रिमोट बिघडला की सेल संपला, हे तपासायची ही सोपी युक्ती आहे.

बटण दाबले तेवढ्यापुरतीच वीज खर्च होत असल्याने असा रिमोट एका छोट्या सेलवर महिनोन्‌महिने चालतो. हाच गुण पुढे चपट्या रिमोटच्या पथ्यावर पडला.

साच्यातून पेटीपर्यंत

टीव्हीवर ज्या कंपनीचे नाव असते, तिनेच रिमोट बनवलेला असतो असे नाही. हा स्वतंत्र उद्योग आहे आणि त्याचे मोठे केंद्र चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतात आहे. १९८० साली शेन्झेन विशेष आर्थिक क्षेत्र झाले. त्यानंतर पर्ल नदीच्या मुखाशी असलेल्या शेन्झेन, डोंगग्वान, हुईझोउ, झोंगशान या शहरांत इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने उभे राहिले. रिमोटला लागणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे प्लास्टिकचे साचे, रबराची बटणे, सर्किटची पाटी, चिप, स्प्रिंग आणि पुठ्ठ्याची पेटी, तिथे थोड्या अंतरावर मिळते.

रिमोट बनवणे दिसते तितके साधे नाही. आधी पोलादी साचा तयार होतो. वितळलेले एबीएस प्लास्टिक दाबाने त्यात सोडले की वरचे आणि खालचे कवच निघते. बटणांचा पट्टा सिलिकॉन रबराचा, एका तुकड्यात दाबून केलेला असतो. प्रत्येक बटणाच्या तळाला कार्बनची काळी टिकली असते. बटण दाबले की ती टिकली पाटीवरच्या, कंगव्याच्या दात्यांसारख्या एकमेकांत शिरलेल्या दोन रेघांवर टेकते आणि विजेची वाट पूर्ण होते. जुन्या रिमोटचे नेमके आवाजाचे बटण आधी काम करेनासे होते, कारण सर्वांत जास्त झिजते ती त्याच्याखालची टिकली.

पाटीवर अनेकदा काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसतो. त्याच्याखाली उघडी चिप बसवून वर इपॉक्सी ओतलेली असते. चिपला वेगळे आवरण न देता ती थेट पाटीवर बसवण्याची ही स्वस्त पद्धत आहे. शेवटी बटणांवर अक्षरे छापली जातात, प्रत्येक बटण दाबून तपासले जाते आणि माल पेटीत भरला जातो.

हा धंदा मुख्यतः ऑर्डरवर चालतो. खरेदीदार नमुना देतो किंवा कारखान्याच्या तयार साच्यांतून एक निवडतो, त्यावर आपले नाव छापून घेतो. तयार साचा घेतला तर नव्या साच्याचा खर्च वाचतो, म्हणून एकाच आकाराचा रिमोट वेगवेगळ्या नावांनी जगभर दिसतो. हाँगकाँगमध्ये दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची मोठी व्यापारी प्रदर्शने भरतात. अशा ठिकाणी खरेदीदार आणि कारखानदार समोरासमोर बसून किंमत, किमान नगसंख्या आणि मुदत ठरवतात.

या व्यवसायात मोठ्या कंपन्याही आहेत. अमेरिकेची युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स ही त्यांपैकी एक. १९८६ साली स्थापन झालेल्या या कंपनीने २०१० मध्ये दक्षिण चीनमध्ये रिमोटचे कारखाने असलेला एक उद्योग विकत घेतला. जपानची एसएमके, ऑस्ट्रियाची रुविडो याही याच क्षेत्रातल्या कंपन्या. २०१८ पासून अमेरिकेने चिनी मालावर जादा आयातकर लावायला सुरुवात केली, तेव्हा या उद्योगातील काही उत्पादन मेक्सिको आणि व्हिएतनामकडे सरकले. तरीही स्वस्त, बिननावाच्या रिमोटसाठी आजही ग्वांगडोंगचेच नाव घेतले जाते.

एका स्क्रूची किंमत

चपटा रिमोट हा याच अर्थकारणाचा परिणाम आहे. एलईडी पट्टी, छोटा स्पीकर, टेबलपंखा अशा वस्तूंबरोबर रिमोट जवळजवळ फुकट दिलेला असतो. तो वस्तूच्याच पेटीत मावायला हवा, हलका हवा आणि त्याची किंमत कमीत कमी हवी. पेन्सिल सेलसाठी जाड कवच आणि दोन बाजूंच्या स्प्रिंगा लागतात. बटण सेलसाठी एक छोटा खण पुरतो. शिवाय ग्राहकाला वेगळे सेल विकत आणावे लागत नाहीत. कारखान्यातच सेल बसवून मध्ये प्लास्टिकची पारदर्शक पट्टी सरकवलेली असते. ती ओढून काढली की रिमोट सुरू.

लिथियम सेलच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम कडक आहेत. पण उपकरणात बसवून पाठवलेल्या बटण सेलना त्यांत बरीच सवलत मिळते. त्यामुळे सेल आत बसवूनच माल पाठवणे निर्यातदाराला सोयीचे पडते.

आता या खणाला एक स्क्रू लावायचा ठरवले, तर काय काय बदलते? साच्यात स्क्रूसाठी जागा करावी लागते, म्हणजे साचा नवा किंवा दुरुस्त केलेला. कवच थोडे जाड होते. जुळणीच्या रांगेत एक काम वाढते. स्क्रू सैल केल्यावर तो हरवू नये म्हणून झाकणातच अडकून राहील असा घ्यावा लागतो. एका रिमोटमागे हा खर्च क्षुल्लक असतो. पण लाखो नगांच्या ऑर्डरमध्ये भाव पैशा-पैशावर ठरतो, तिथे खरेदीदाराने मागितलेला नसेल तर तो स्क्रू गळतो. बंधन आले, तरच तो परत येतो.

अन्ननलिकेत काय घडते?

या सेलवर 'सीआर २०३२' किंवा 'सीआर २०२५' असे कोरलेले असते. 'सी' म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइड ही रसायने, 'आर' म्हणजे गोल. पुढचे २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, आणि ३२ किंवा २५ म्हणजे जाडी ३.२ किंवा २.५ मिलिमीटर. रिमोटमधल्या सेलचा धोका या २० मध्येच दडलेला आहे. घड्याळातले छोटे सेल बहुतेक वेळा अन्ननलिकेतून खाली उतरून शौचावाटे बाहेर पडतात. २० मिलिमीटरची चकती मात्र लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकण्याइतकी मोठी असते.

अनेकांचा समज असा, की सेल फुटून आतले रसायन बाहेर आल्यामुळे इजा होते. मुख्य कारण ते नाही. सेल पूर्ण शाबूत असला तरी इजा होते. सेलच्या दोन्ही बाजू ओलसर आतड्याला किंवा अन्ननलिकेला टेकल्या की त्या ओलाव्यातून वीज वाहू लागते. पाण्याचे विघटन होते आणि ऋण ध्रुवापाशी हायड्रॉक्साइड तयार होऊ लागते. नळ तुंबला की ओततात त्या कॉस्टिक सोड्यातही हाच घटक असतो. तिथली क्षारता झपाट्याने वाढते आणि ऊती विरघळत जातात. आम्लाने भाजल्यास वर एक कडक पापुद्रा तयार होतो आणि तो काही प्रमाणात इजा रोखतो. क्षाराने भाजल्यास तसे होत नाही, जखम खोल खोल जाते.

पाण्याचे विघटन व्हायला तत्त्वतः सव्वा व्होल्टच्या आसपास दाब लागतो. लिथियम बटण सेलचा दाब तीन व्होल्ट, म्हणजे साध्या पेन्सिल सेलच्या दुप्पट असतो. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतका दाब शिल्लक असतो. 'संपलेला' सेल रिमोटच्या दृष्टीने संपलेला असतो, अन्ननलिकेच्या दृष्टीने नाही. टीव्हीच्या टेबलावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलेले जुने सेल याच कारणाने नव्यांइतकेच जपायला हवेत.

अन्ननलिकेच्या पुढे श्वासनलिका असते आणि जवळूनच महाधमनी जाते. जखम खोल गेली तर अन्ननलिका आणि श्वासनलिका यांमध्ये भोक पडू शकते, स्वरयंत्राच्या नसांना इजा होऊ शकते. महाधमनीपर्यंत जखम पोहोचली तर जीवघेणा रक्तस्राव होतो. सेल बाहेर काढल्यानंतरही काही दिवस, कधी आठवडे, ही जखम वाढू शकते. म्हणून डॉक्टर मुलाला लगेच घरी सोडत नाहीत.

निदानाची अडचण वेगळीच आहे. सेल गिळताना अनेकदा कोणी पाहिलेले नसते. मूल बोलण्याच्या वयाचे नसते. लाळ गळणे, खाणे नाकारणे, खोकला, उलटी, ताप, श्वासाचा घरघर आवाज ही लक्षणे साध्या सर्दी-खोकल्यासारखीच असतात. काही मुलांत सुरुवातीला काहीच लक्षण दिसत नाही. एक्स-रे काढला तर सेल दिसतो, पण तो नाण्यासारखा वाटू शकतो. त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसले, तर ते नाणे नसून सेल आहे हे कळते. नाणे असेल तर थोडी वाट पाहता येते, सेल असेल तर नाही. हा फरक ओळखण्यावर पुढचे सारे अवलंबून असते.

कायद्याला नाव मिळाले

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात रीज नावाच्या अठरा महिन्यांच्या मुलीचा मृत्यू झाला. तिने रिमोटमधला बटण सेल गिळला होता. सुरुवातीला तिचा आजार घशाचा साधा संसर्ग वाटला होता. नंतर रिमोटमधला सेल नाहीसा झाल्याचे पालकांच्या लक्षात आले. तिच्या आईने पुढे केलेल्या पाठपुराव्यातून १६ ऑगस्ट २०२२ रोजी 'रीज लॉ' या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला.

या कायद्यानुसार बटण सेल असलेल्या ग्राहकोपयोगी वस्तूंना सुरक्षा मानक लागू झाले. सेलचा कप्पा स्क्रूड्रायव्हर किंवा नाण्यासारखे साधन वापरल्याशिवाय उघडता कामा नये. साधन नको असेल, तर निदान दोन वेगवेगळ्या हालचाली एकाच वेळी केल्यावरच तो उघडायला हवा. लहान मुलाला अशा दोन हालचाली एकत्र जमत नाहीत, हा त्यामागचा विचार. वस्तू आपटून, दाबून, ओढून पाहिल्यावरही सेल बाहेर पडता कामा नये. पेटीवर, शक्य असेल तर वस्तूवर आणि माहितीपत्रकात ठळक इशारा हवा. मार्च २०२४ नंतर बनलेल्या किंवा अमेरिकेत आयात झालेल्या वस्तूंना हे सारे बंधनकारक आहे. सुट्या सेलची पाकिटेही मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशी हवीत.

ऑस्ट्रेलियाने त्याआधीच पाऊल उचलले होते. तिथली सक्तीची मानके २२ जून २०२२ पासून लागू झाली. असे करणारा तो जगातला पहिला देश ठरला.

त्याचा परिणाम थेट कारखान्यांत दिसतो. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाला माल पाठवायचा तर स्क्रूचा कप्पा आणि प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. बंधन नसलेल्या बाजारासाठी मात्र जुना, नखाने उघडणारा खण चालू शकतो. त्यामुळे दिसायला सारखेच दोन रिमोट एकाच कारखान्यातून निघून वेगवेगळ्या बंदरांत जाऊ शकतात. एकात स्क्रू असतो, दुसऱ्यात नसतो.

अमेरिकेत या प्रश्नाचा आवाका केवढा आहे, याचा अंदाज 'पेडियाट्रिक्स'मध्ये २०२२ साली आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने दिला. २०१० ते २०१९ या दहा वर्षांत सेल-बॅटऱ्यांमुळे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आणलेल्या मुलांची संख्या सत्तर हजारांवर गेली होती. सेलचा प्रकार नोंदवलेल्या घटनांपैकी जवळपास ८५ टक्क्यांत तो बटण सेल होता.

आपल्याकडे काय?

भारतात खेळण्यांसाठी नियम आहेत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांच्या मानकांत छोटे सेल मुलांच्या हाती सहज लागू नयेत, याचा विचार केलेला आहे. पण एलईडी पट्टीचा रिमोट हे खेळणे नाही. तो दिव्यांच्या दुकानात मिळतो. दुकानदार, ग्राहक आणि कारखानदार यांपैकी कोणीच त्याच्याकडे मुलाच्या नजरेने पाहत नाही. मूल मात्र त्याला खेळणेच समजते. रंगीत बटणे, हातात मावणारा आकार आणि दाबले की खोलीभर बदलणारा प्रकाश, यापेक्षा चांगले खेळणे कोणते?

ग्वांगडोंगमधील झोंगशान शहरालगतचे गुझेन हे गाव चीनची 'दिव्यांची राजधानी' म्हणून ओळखले जाते. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडवर गणेशोत्सव आणि दिवाळीच्या आधी रंगीत पट्ट्यांचे ढीग लागतात, त्यांबरोबर असे चपटे रिमोट मोठ्या संख्येने येतात. सण संपला की पट्टी गुंडाळून माळ्यावर जाते. रिमोट मात्र अनेकदा खालीच कुठेतरी राहतो.

भारतातील वैद्यकीय नियतकालिकांतही अन्ननलिकेत आणि नाकात अडकलेल्या बटण सेलच्या रुग्णांच्या नोंदी सातत्याने येत असतात. नाकात किंवा कानात घातलेला सेलही काही तासांत इजा करतो. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडल्याची उदाहरणे आहेत. वापरलेल्या सेलच्या विल्हेवाटीसाठी २०२२ साली बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घराघरांतून जुने बटण सेल वेगळे काढून देण्याची सवय मात्र अजून रुजायची आहे.

गिळल्याची शंका आली तर

नुसती शंका हीदेखील तातडीची बाब समजावी. रिमोटचा खण उघडा सापडला, सेल दिसत नाही आणि मूल अस्वस्थ आहे, एवढे कारण पुरेसे आहे. लक्षणांची वाट पाहू नये. मुलाला लगेच, एक्स-रे आणि दुर्बिणीने सेल काढण्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पोहोचताच 'बटण सेल गिळल्याची शंका आहे' हे शब्द स्पष्ट सांगावेत. तसाच दुसरा सेल किंवा त्याचे पाकीट जवळ असेल तर बरोबर न्यावे, म्हणजे आकार कळतो.

उलटी करवू नये. केळे, भात किंवा पाव भरवून सेल खाली ढकलण्याचा प्रयत्न करू नये. त्याने वेळ जातो आणि भूल देण्यातही अडचण येते.

याला एक अपवाद आहे, मधाचा. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील आणि अन्य संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत मधामुळे इजेचा वेग कमी झाल्याचे आढळले. मध किंचित आम्लधर्मी असल्याने सेलभोवतीची क्षारता कमी करतो आणि घट्टपणामुळे सेलवर थर धरतो. त्यानंतर अमेरिकेतील विषबाधा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत मधाचा समावेश झाला. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तासांपेक्षा कमी वेळ झाला असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध आणण्यासाठी थांबू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. मध हा उपचार नव्हे. सेल बाहेर निघेपर्यंतच्या वेळात इजा थोडी मंदावावी, एवढाच त्याचा उपयोग.

मुलाच्या उलटीत किंवा शौचात रक्त दिसले, तर सेल काढून काही दिवस झाले असले तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. मोठ्या रक्तस्रावाची ती पूर्वसूचना असू शकते.

सेल बदलतोय, रिमोटही

उपाय शोधण्याचे काम सेलच्या बाजूनेही चालू आहे. काही कंपन्यांनी सेलवर अतिशय कडू लेप द्यायला सुरुवात केली आहे, म्हणजे मूल तोंडात घालताच थुंकून टाकेल. ओल लागताच निळा रंग सोडणारे सेल आले आहेत, त्यामुळे तोंडाकडे पाहून पालकांना सुगावा लागतो. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाबाला प्रतिसाद देणाऱ्या आवरणाची कल्पना मांडली. उपकरणात स्प्रिंगचा दाब पडला तरच ते आवरण वीज वाहू देते, अन्ननलिकेत तेवढा दाब नसल्याने सेल निष्क्रिय राहतो.

रिमोटही पुन्हा बदलतो आहे. सॅमसंगने २०२१ मध्ये खोलीतल्या उजेडावर चार्ज होणारा रिमोट आणला. त्याच्या पाठीवर छोटे सौर पटल आहे आणि सेल बदलावाच लागत नाही. युरोपीय महासंघात फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतील बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता-बदलता आल्या पाहिजेत, असा नियम लागू होणार आहे. बॅटरी मोठ्यांना सहज काढता यावी आणि मुलांना अजिबात काढता येऊ नये, या दोन्ही अटी एकाच झाकणात बसवणे हे पुढच्या रिमोटच्या रचनाकारांपुढचे काम आहे. साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडणारे झाकण त्या दोन्ही अटी बऱ्याच अंशी पूर्ण करते.

ते होईपर्यंत घरातले रिमोट एकदा उलटे करून पाहावेत. ज्यांत बटण सेल आहे आणि झाकणाला स्क्रू नाही, ते वेगळे काढावेत. खण सैल असेल तर त्यावर मजबूत चिकटपट्टी गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर, उंचावर ठेवावेत. वापर नसेल तर सेल काढून, त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनात द्यावा. नवी पट्टी किंवा स्पीकर घेताना दुकानात रिमोटचे झाकण पाहावे, आणि स्क्रू असलेलाच मागावा. खरेदीदाराने मागितले नाही म्हणून गळलेला स्क्रू परत आणण्याचा तोही एक मार्ग आहे.